नवा चिमटा, जुनी खडखड
सायकलचे हँडल पुन्हा पुन्हा ढिले का होते? डिंभ्याच्या वाटेवरचा एक धडा

मंचरहून घोडेगाव आणि घोडेगावहून डिंभे हा रस्ता आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. जुन्नर, नारायणगाव, मंचर येथील आमचे व्यापारी बांधव आठवडे बाजाराच्या निमित्ताने या भागात पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले आहेत. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. याच आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत विलायती कापडाचा ट्रक अडवताना त्याच ट्रकखाली शहीद झाला. धरणाच्या पुढे रस्ता भीमाशंकरच्या दिशेने चढत जातो. पाऊस भरपूर, चढ-उतार भरपूर आणि खड्डेही भरपूर. अशा मुलखात सायकल दुरुस्त करणाऱ्याला काम कमी पडत नाही; पण त्याच्या कामाची परीक्षाही रोज होते.

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही या वाटेने गेलो असता रस्त्याच्या कडेला एका छोट्या दुकानात थांबलो. दुकान कसले, चार पत्रे, एक हवेचा पंप, ट्यूब बुडवायची पाण्याची परात आणि भिंतीला टांगलेले टायर. चालवणारा पंचविशीतला तरुण. मंचरला एका उस्तादाच्या हाताखाली काम शिकून त्याने स्वतःचा धंदा थाटलेला. आम्ही चहाचा पेला हातात घेतो न घेतो तोच एक वयस्क गृहस्थ सायकल ढकलत आले. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. आता दूध घालायला मोटारसायकली आल्या, तरी वाडीवरून डेअरीपर्यंत सायकलवर येणारे अजून आहेत.

"भाई, चौथ्यांदा आलोय. हँडल पुन्हा खडखडतंय. आता तुला जमत नसंल तर तसं सांग, मी घोडेगावला जातो."

तरुणाचा चेहरा उतरला. हकीकत अशी होती की खड्ड्यात आदळून मामांच्या सायकलचा चिमटा वाकला होता. तरुणाने नवा चिमटा आणून बसवला. पैसे घेतले. चार दिवसांत हँडलच्या बुडाशी खडखड सुरू झाली. मामा आले, त्याने वरचा नट आवळून दिला. पुन्हा ढिले झाले. पुन्हा आवळले, या वेळी लांब पान्याने, सगळा जोर लावून. तिसऱ्यांदाही तेच. आणि आज चौथी खेप.

आमच्या कारागीर बांधवांना हा प्रसंग परका वाटणार नाही. पंक्चर दोन वेळा निघाले तर गिऱ्हाईक समजून घेते. पण नवा सामान घालून, पैसे मोजून तीच तक्रार चौथ्यांदा आली की जाते ती सायकल नव्हे, इज्जत जाते. लहान गावात ती गेली की दुकान उघडे राहूनही बंद असल्यासारखेच.

उस्तादांनी पाना हातात घेतला नाही

योगायोगाने त्या दिवशी तरुणाचे उस्ताद नातेवाइकांच्या भेटीस आलेले होते आणि बाकड्यावर बसून हे सारे ऐकत होते. तरुण पाना घेऊन पुन्हा नटाकडे वळला तसे ते म्हणाले, "पाना ठेव, बेटा. पहले देख. तीन वेळा आवळून जे झालं नाही ते चौथ्यांदा आवळून कसं होईल?"

त्यांनी आधी सायकल हातात घेतली. पुढचे चाक भिंतीला टेकवले आणि हँडल धरून मागे-पुढे ढकलले. एका हाताची बोटे फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या खालच्या सांध्यावर ठेवली, मग वरच्या सांध्यावर. बोटांना दोन्हीकडे हालचाल लागली. चाकाचा आस हलत नाही ना, हेही त्यांनी चाक धरून पाहिले, कारण पुष्कळदा दोष पुढच्या हबच्या कोनीत असतो आणि बदनाम होते हँडल. ब्रेक दाबून ही परीक्षा करतात, पण आपल्या जुन्या काळ्या सायकलींना सळईचे ब्रेक असतात. त्या ब्रेकचे गुटके स्वतःच हलतात आणि फसवतात. म्हणून भिंत बरी.

मग त्यांनी वरच्या नटाखालचा वायसर दोन बोटांत धरून फिरवला. वायसर सहज फिरला.

"बघ. नट जाम आहे, पाना लागत नाही. आणि त्याच्या खालचा वायसर मोकळा फिरतो. मग हा नट दाबतोय कुणाला?"

तरुण गप्प झाला. आम्हीही पुढे सरकून पाहू लागलो.

नट घट्ट, पकड शून्य

ही गोष्ट नीट समजावी म्हणून आधी हँडलच्या सांध्याची रचना सांगतो. जाणकारांनी माफ करावे, पण नव्या मुलांसाठी हे लिहिणे जरूर आहे.

फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीत वर एक आणि खाली एक अशा दोन वाट्या ठोकून बसवलेल्या असतात. चिमट्याची दांडी खालून वर या नळीतून जाते. दांडीच्या बुडाशी, चिमट्याच्या खांद्यावर, खालची कोन घट्ट बसलेली असते. तिच्यात आणि खालच्या वाटीत छर्रे असतात. वरच्या वाटीत दुसरे छर्रे आणि त्यांच्यावर वरची कोन. ही वरची कोन दांडीच्या आट्यांवर फिरते आणि सगळा ढिले-घट्टपणा तिच्यावर ठरतो. तिच्यावर जिभेचा वायसर, ज्याची जीभ दांडीच्या खाचेत बसते. जुन्या सायकलींत त्याच्यावर दिव्याचा ब्रॅकेट. आणि सगळ्यांत वर लॉकनट.

आता मर्म ऐका. लॉकनटाचे काम ढिलेपणा काढण्याचे नाही. ते काम वरच्या कोनीचे. लॉकनटाने फक्त त्या कोनीला जागेवर दाबून धरायचे, म्हणजे ती चालता चालता फिरू नये. या लॉकनटाच्या तोंडाला आतून एक ओठ असतो. चिमट्याची दांडी जर वर जास्त आली, तर नट खालच्या वायसरवर बसण्याऐवजी त्याचा हा ओठ दांडीच्या टोकावर जाऊन टेकतो. पान्याला वाटते नट जाम झाला. प्रत्यक्षात त्याने कोनीला स्पर्शही केलेला नसतो. कोन मोकळीच. दोन-चार मैल खड्ड्यातून गेले की ती आपोआप मागे फिरते आणि खडखड सुरू. अशा वेळी जितका जोर लावाल तितके दांडीचे आटे खराब होतील, पण हँडल घट्ट व्हायचे नाही.

तरुणाला वाटले, नवा चिमटा लांब निघाला. उस्तादांनी विचारले, "जुना कुठे आहे?" सुदैवाने तो भंगारात पडलेला होता. दोन्ही चिमटे शेजारी धरून पाहिले. दांडी बरोबर तेवढीच! मग दोष कुठला?

उस्ताद हसले. "सामान बरोबर आहे. वरून काय काढलंस ते आठव."

तरुणाने डोक्याला हात लावला. मामांच्या सायकलला दिव्याचा जुना, गंजलेला ब्रॅकेट होता. दिवा केव्हाच गेलेला, ब्रॅकेट नुसता खडखडायचा. चिमटा बदलताना त्याने तो काढून डब्यात टाकला होता. जाड पत्र्याचा तो तुकडा. पण कंपनीने दांडीची लांबी ठरवली ती तो तुकडा धरून. तुकडा गेला, तेवढी दांडी वर आली आणि नट दांडीच्या टोकावर बसला. तीन आठवड्यांच्या भांडणाचे कारण भंगाराच्या डब्यात पडलेले होते.

दुरुस्ती कशी झाली

त्यानंतर सायकल पूर्ण उघडली गेली. हे महत्त्वाचे आहे. कारण समजले म्हणून नुसता वायसर घालून बंद करणे बरोबर नव्हते. इतके दिवस सांधा ढिला चालला होता, तर आत नुकसान झाले की नाही हे पाहायलाच हवे. खालच्या छर्‍यांना पाणी लागून गंज चढला होता आणि खालच्या कोनीवर छर्‍यांच्या खुणा उमटू लागल्या होत्या. बोट फिरवले तर कळत होत्या. अशी कोन परत घातली की हँडल सरळ रेषेत येताच खाचेत अडकल्यासारखे होते. उस्तादांनी ती बदलायला लावली.

पुढचा क्रम आम्ही टिपून घेतला, तो असा:

1. वाट्या, कोनी, आटे रॉकेलने स्वच्छ धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. वाट्या फ्रेममध्ये हलत नाहीत ना, हे हाताने पाहा.

2. खालची कोन चिमट्याच्या खांद्यावर पूर्ण टेकेपर्यंत बसवा. तिच्या मापाचा नळीचा तुकडा वर ठेवून सरळ ठोका. तिरकी बसली तर हँडल एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिले लागेल.

3. वाटीत ग्रीस भरा आणि छर्रे मांडा. छर्रे सगळे नवे आणि एका मापाचे. अशा सायकलींत बहुधा 5/32 इंचाचे छर्रे असतात, पण जुना छर्रा जवळ धरून माप जुळवा. जुन्यात नवे मिसळू नका. वाटी ठासून भरू नका. साधारण एका छर्‍याएवढी जागा मोकळी राहू द्या. जाळीतले छर्रे असतील तर जाळीची पत्र्याची कड वाटीला वा कोनीला घासणार नाही अशा बाजूने बसवा. जाळी उलटी बसली तर हँडल कधीच नीट फिरणार नाही.

4. वरची कोन हाताने, छर्‍यांना टेकेपर्यंत फिरवा. मग किंचित मागे घ्या. कारण लॉकनट आवळला की तो कोनीला थोडे खाली दाबतो.

5. जिभेचा वायसर, त्यावर ब्रॅकेट किंवा तेवढ्याच जाडीचे वायसर ठेवा. वायसरची जीभ शाबूत हवी. जीभ तुटलेली असेल तर नट आवळताना कोनही सोबत फिरते आणि बसवलेला अंदाज बिघडतो.

6. एका पान्याने कोन धरून ठेवा, दुसऱ्याने लॉकनट आवळा. एका पान्यावर हे काम करणाऱ्याचे हँडल परत येणारच, असे समजा.

7. शेवटी तीन परीक्षा करा. चाक भिंतीला टेकवून मागे-पुढे हालचाल नाही ना? पुढचे चाक उचलून सायकल जराशी कलती केली तर हँडल आपल्या वजनाने दोन्हीकडे सहज वळते ना? आणि चाक दोन-तीन इंच उचलून सोडले तर खट असा आवाज येत नाही ना?

नटाखालचा वायसर आता बोटांनी हलत नव्हता. मामांनी सायकलवर एक चक्कर मारली आणि परत येऊन काहीही न बोलता मान हलवली. आमच्या भागात याहून मोठी पावती नसते.

इतरही कारणे असतात

डिंभ्याच्या वाटेवर दोष ब्रॅकेटचा निघाला. दर वेळी तोच असेल असे नाही. नवा चिमटा घातल्यावर हँडल ढिले होण्याची आणखी काही कारणे आमच्या कारागिरांनी ध्यानात ठेवावीत.

दांडी खरोखरच लांब असणे: जुना आणि नवा चिमटा शेजारी ठेवून मापल्याशिवाय नवा बसवू नये. थोडा फरक असेल तर नटाखाली वायसर वाढवावेत किंवा दांडीचे टोक कानशीने सरळ घासावे. दांडी आखूड असेल तर मात्र चिमटा परत करावा. नटाला दोन-तीनच आटे मिळत असतील तर ती सायकल रस्त्यावर सोडणे म्हणजे माणसाला खाईत सोडणे.

आट्यांचा फरक: एक इंची दांडीवर सर्वसाधारण माप इंचाला 24 आट्यांचे. पण रॅले घराण्याच्या जुन्या सायकलींत इंचाला 26 आटे असत. एका मापाची कोन दुसऱ्या मापाच्या दांडीवर एक-दोन फेरे जाते, मग जड होते. तेथे जोर लावणारा दोन्ही वस्तू गमावतो. कोन हाताने फिरली पाहिजे, पान्याने नव्हे.

खालच्या कोनीचे माप: चिमट्याच्या खांद्याला बाजारात 26.4 आणि 27 मिलिमीटर अशी दोन मापे चालतात. फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त, डोळ्याला दिसत नाही. पण मोठी कोन लहान खांद्यावर घातली तर ती सैल राहते आणि वरून कितीही आवळले तरी खालची खडखड जात नाही. पत्र्याची पट्टी घालून किंवा पंचाने ठोके मारून काम भागवणारे आहेत. चार दिवसांपुरते ते ठीक, पण पैसे घेऊन तसे काम देणे ठीक नव्हे. काही वेळा तर घाईत जुनी कोन जुन्या चिमट्यावरच राहून जाते आणि छर्रे सरळ नव्या चिमट्याच्या खांद्यावर फिरतात!

आणि एक गोष्ट खरीही आहे. नव्या वाट्या, नव्या कोनी दोन-चार दिवस चालल्यावर जागेवर बसतात आणि एकदा किंचित ढिलेपणा येतो. म्हणून गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवावे, "आठवड्याने एकदा दाखवून जा, पैसे नाहीत." एकदा आवळणे हे कामाचाच भाग आहे. दुसऱ्यांदा ढिले झाले तर मात्र पाना बाजूला ठेवून कारण शोधावे.

गिअरच्या सायकलींचा नवा हिशेब

पुण्याहून भीमाशंकरकडे हौसेने सायकल मारत येणारी तरुण मंडळी आता या रस्त्यावर दिसतात. त्यांच्या सायकलींच्या हँडलला बहुधा आटेच नसतात. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला निघालेली ही पद्धत. दांडी साधी, बहुधा सव्वा इंचाहून थोडी कमी जाडीची. तिच्यावर हँडलची पकड बाजूच्या बोल्टांनी बसते आणि वर एक टोपी असते. येथेही चूक तीच होते, फक्त कपडे बदलून. दांडीचे टोक पकडीच्या वरच्या कडेच्या दोन-तीन मिलिमीटर खाली असले पाहिजे. ते बरोबरीत किंवा वर असेल तर टोपी दांडीवरच टेकते आणि सांधा दबत नाही. उपाय तोच: वर एक कडी वाढवा. काम करताना आधी बाजूचे बोल्ट सैल करावेत, मग टोपीचा बोल्ट हलक्या हाताने, खडखड जाईपर्यंतच फिरवावा आणि शेवटी बाजूचे बोल्ट आवळावेत. बाजूचे बोल्ट सैल न करता वरची टोपी पिळत बसणारा कारागीर लॉकनट पिळणाऱ्या आपल्या तरुणाचाच भाऊ समजावा.

पैसे कुणाचे?

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. नवी कोन आणि नवे छर्रे लागले. त्यांचे पैसे कुणी द्यायचे?

तरुण मामांकडे पाहत घुटमळला. सांगायला निमित्ते पुष्कळ होती. रस्ता खराब, सायकल जुनी, सामान आजकाल पूर्वीसारखे येत नाही. उस्ताद काहीच बोलले नाहीत. ते नुसते पाहत राहिले. शेवटी तरुणच म्हणाला, "मामा, चूक माझी होती. ब्रॅकेट मी काढला. पैसे नाहीत." आणि डब्यातला ब्रॅकेट घासून, तेल लावून त्याने परत जागेवर बसवला होता, तो दाखवला. "यावर दिवा लावून घ्या. पहाटे अंधारात येता."

मामा गेल्यावर उस्ताद एवढेच म्हणाले, "आज पैसे गेले, दुकान राहिलं."

आम्हाला वाटते, आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी यावर विचार करावा. मापात कसूर करणाऱ्यांना पवित्र कुरआनातील सूरह मुतफ्फिफीनने कडक ताकीद दिली आहे. तराजू फक्त वाण्याच्या दुकानात नसतो. पूर्ण कामाचे पैसे घेऊन अर्धे काम देणे हीसुद्धा मापातली कसूरच. दुरुस्तीला आलेली वस्तू ही आपल्याकडे अमानत असते आणि सायकलच्या बाबतीत त्या अमानतीवर एक जीव बसलेला असतो. हँडल ढिले असलेली, दोन किटल्या लादलेली सायकल उतारावर थरथरू लागली तर काय होईल हे सांगण्याची गरज नाही. उलट भीतीपोटी हँडल फार घट्ट केले तरी धोका आहे. सायकलस्वाराला तोल सावरण्यासाठी लागणारी बारीक हालचाल मग होत नाही.

दुकानदारांसाठीही येथे धडा आहे. घाऊक बाजारातून चिमटे आणताना नुसता भाव पाहू नका. जुन्या चिमट्याचे माप लिहून न्या, चिमटा आणि कोनी शक्यतो एकाच संचाच्या घ्या, कोन तेथेच हाताने फिरवून पाहा. 1951 साली सोनीपतला सुरू झालेल्या अॅटलसचा साहिबाबादचा मोठा कारखाना जून 2020 मध्ये बंद पडला, पण त्यांच्या आणि अशाच इतर जुन्या सायकली खेड्यापाड्यांत अजून फिरत आहेत. त्यांना सामान जुळवून देणारा दुकानदार टिकेल. "चालेल, बसेल" म्हणून विकणाऱ्याकडे सामान परत येत राहील. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाला दाखवावा आणि काम पुरते संपेपर्यंत फेकू नये. या तरुणाने जुना चिमटा आणि ब्रॅकेट विकून टाकले असते, तर कारण सापडायला आणखी किती खेपा लागल्या असत्या!

जुन्नरी कागदाचे एकेकाळी नाव होते. ते नाव जाहिरातीने झालेले नव्हते. कागद हातात घेणाऱ्याने ते केले. आमच्या हुन्नरी बिरादरीची पुंजी आजही तीच आहे. पत्र्याच्या चार भिंतींतल्या त्या दुकानाला पाटी नाही. पण परतताना आम्ही पाहिले, तर मामा आणखी एकाला सायकलसकट घेऊन तिकडेच निघाले होते.